वाशिम जिल्ह्यातील यात्रास्थळे व प्रेक्षणीय स्थळे

महाराष्ट्र राज्याच्या विदर्भ विभागातील वाशिम जिल्ह्यात असलेली धार्मिक, ऐतिहासिक व निसर्गदृष्ट्या उल्लेखनीय ठिकाणे. या जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन झाली. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत. लोकसंख्या ११,९७,१६० (२०११). उत्तरेस अकोला, ईशान्येस अमरावती, पूर्वेस यवतमाळ, दक्षिणेस हिंगोली व पश्चिमेस बुलढाणा हे जिल्हे आहेत. थंड हवेची ठिकाणे, समुद्रकिनारे किंवा भव्य किल्ले या जिल्ह्यात नाहीत. येथे येणारा प्रवासी बहुधा यात्रेकरू असतो. तथापि वैष्णव, शैव, दत्त, जैन, सूफी व बंजारा अशा विविध परंपरांची महत्त्वाची स्थाने एवढ्या लहान प्रदेशात एकत्र आलेली क्वचितच आढळतात. शिवाय अजिंठ्याच्या उत्कर्षकाळाशी निगडित असलेल्या वाकाटक राजवंशाची एक राजधानी येथेच होती.

भूमी व मार्ग : जिल्ह्याचा बहुतेक भाग अजिंठा डोंगररांगेच्या पठारावर पसरलेला आहे. जुन्या वऱ्हाडात पूर्णेच्या सखल खोऱ्यास पायनघाट व त्याच्या दक्षिणेकडील या उंच प्रदेशास बालाघाट म्हणत. पैनगंगा ही येथील प्रमुख नदी असून ती काही अंतर हिंगोली जिल्ह्याच्या सरहद्दीवरून वाहते. अडाण व अरुणावती या नद्या आग्नेयीकडे जातात, तर काटेपूर्णा नदी उत्तरेकडे वळून पूर्णेस मिळते. अशा प्रकारे गोदावरी व तापी या दोन खोऱ्यांमधील जलविभाजक या जिल्ह्यातून जातो. काळ्या व मध्यम प्रतीच्या जमिनीत सोयाबीन, तूर व कापूस ही पिके मुख्यत्वे घेतली जातात. उन्हाळा कडक असल्याने प्रवासास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असतो. यात्रा मात्र पंचांगाप्रमाणे भरतात व त्यांपैकी सर्वांत मोठी ऐन चैत्रात येते.

अकोला–पूर्णा लोहमार्गावर वाशिम हे स्थानक आहे. पूर्वी मीटरमापी असलेल्या या मार्गाचे रुंदमापी रूपांतर २००८ मध्ये झाले. अकोल्याहून नांदेडमार्गे तेलंगणाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वाशिम शहरावरून जातो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो जिल्ह्याच्या उत्तर भागातून जात असल्याने कारंजा व शेलूबाजार या बाजूंनी नागपूरहून येणाऱ्यांची सोय झाली आहे. तालुक्याची सर्व ठिकाणे राज्य परिवहनाच्या बसगाड्यांनी जोडलेली आहेत.

वाशिम : जिल्ह्याचे मुख्यालय. समुद्रसपाटीपासून सु. ५४६ मी. उंचीवर वसलेल्या या शहराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपश्चर्येने प्रसन्न झालेले देव येथे समूहाने, म्हणजे गुल्मरूपाने, येऊन राहिले म्हणून हे नाव पडले, असे स्थलमाहात्म्यात सांगितले जाते. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत मात्र वत्स व गुल्म या दक्षिणापथातील दोन राजपुत्रांशी या नावाचा संबंध जोडलेला आहे. वत्सगुल्मापासून वाशिम हा ध्वनिपरिवर्तनाचा मार्ग प्राकृतातील ‘वच्छोम’ या रूपामुळे स्पष्ट होतो. कवी राजशेखर (नववे-दहावे शतक) याने काव्यमीमांसा या ग्रंथात काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा दिली आहे, तसेच कर्पूरमंजरी या प्राकृत सट्टकात ‘वच्छोमी’ या काव्यरीतीचा उल्लेख केला आहे. एखाद्या नगराचे नाव वाङ्‌मयीन शैलीस मिळावे, ही गोष्ट त्या नगराची सांस्कृतिक प्रतिष्ठा दर्शविणारी आहे.

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्या मृत्यूनंतर राज्याच्या शाखा झाल्या. त्यांपैकी एक नंदिवर्धन येथे व दुसरी वत्सगुल्म येथे राज्य करू लागली. वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे हरिविजय हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी केलेल्या उल्लेखांवरून व उद्‌धृतांवरून त्याची कल्पना येते. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशिम येथे १९३९ मध्ये सापडला. त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेल्या या दानलेखात नांदेड परिसरातील एका गावाच्या दानाची नोंद असून लेखाची भाषा अंशतः संस्कृत व अंशतः प्राकृत आहे. या ताम्रपटामुळे वाकाटकांच्या या स्वतंत्र शाखेचे अस्तित्व निर्विवाद ठरले. तत्पूर्वी अजिंठ्याच्या लेखातील खंडित नावांचा उलगडा होत नव्हता. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचे संपादन करून (१९६३) हा इतिहास सुसंगतपणे मांडला.

वाशिमजवळील हिस्से बोराळा येथे सापडलेला शिलालेख कालगणनेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वाकाटक नृपती देवसेन याच्या कारकीर्दीत स्वामिल्लदेव याने ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधल्याची नोंद त्यात असून शक ३८० (इ. स. ४५८) हे वर्ष दिलेले आहे. वाकाटकांचे इतर लेख सामान्यतः राजाच्या राज्यवर्षात कालनिर्देश करतात. त्यामुळे ज्ञात संवतातील हे वर्ष संपूर्ण वंशाच्या कालनिश्चितीस आधारभूत ठरले आहे. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या प्रसिद्ध तलावाचेच नाव येथील तलावास दिलेले होते, हेही लक्षणीय आहे. पर्जन्याधारित शेतीच्या या प्रदेशात दीड हजार वर्षांपूर्वी तलाव बांधणे हे राजपुरुषाने शिळेवर नोंदवून ठेवण्याजोगे कृत्य मानले जात होते.

देवसेनाचा पुत्र हरिषेण (पाचव्या शतकाचा उत्तरार्ध) हा या शाखेचा सर्वांत पराक्रमी राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरविले. सतराव्या क्रमांकाच्या लेण्याच्या लेखातही हरिषेणाचा निर्देश येतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपैकी श्रेष्ठ चित्रे ज्या सत्तेच्या छायेत निर्माण झाली, तिचे केंद्र वाशिम होते. दंडीच्या दशकुमारचरितातील आठव्या उच्छ्‌वासात विदर्भाच्या राज्याचा जो ऱ्हास वर्णिला आहे, तो वत्सगुल्म शाखेच्या अखेरीचे प्रतिबिंब असावा, असे मत मिराशी यांनी मांडले आहे. मात्र या राजधानीचे प्रासाद, तट किंवा मंदिरे आजच्या शहरात दिसत नाहीत. वाशिमचा वाकाटककालीन वारसा मुख्यतः ताम्रपट, शिलालेख व साहित्यातील उल्लेख या रूपांतच शिल्लक आहे. वाशिमला येणाऱ्या अभ्यासकाने ही मर्यादा ध्यानी घेणे आवश्यक ठरते.

मोगलकाळात वाशिम हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. आईन-इ-अकबरीत त्याची नोंद ‘बासिम’ अशी आहे. पुढे निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलाखाली हा प्रदेश होता. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आल्यानंतर वाशिम हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोला जिल्ह्यात व पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यात घालण्यात आला. १९९८ मध्ये झालेला जिल्हा हा या अर्थाने जुन्या जिल्ह्याचे काहीसे बदललेल्या सीमांसह झालेले पुनरुज्जीवन होय.

शहरातील बालाजी मंदिर सर्वांत प्रसिद्ध आहे. साबाजी भोसल्यांच्या सेवेत सुभेदारीपर्यंत चढलेल्या भवानी काळू याने ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. मूर्तिभंगाच्या भयाने जमिनीत पुरून ठेवलेल्या मूर्ती एका घोडेस्वारास योगायोगाने दिसल्या, अशी आख्यायिका आहे. मंदिरास विस्तीर्ण प्राकार असून जवळच देवतलाव नावाचा बांधीव तलाव आहे. आश्विन महिन्यात मोठा उत्सव होतो. वत्सगुल्म क्षेत्रात १०८ तीर्थे असल्याचे माहात्म्यात सांगितले आहे. त्यांपैकी पद्मतीर्थ हे आजही पूज्य मानले जाते. करुणेश्वर व मध्यमेश्वर ही शिवमंदिरे भाविकांच्या नित्य परिचयाची आहेत.

मध्यमेश्वर या नावाशी ज्योतिषशास्त्रातील एक जुनी परंपरा निगडित आहे. भारतीय ज्योतिषी लंका व उज्जयिनी यांवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा ही मूळ मध्यरेषा मानीत. पहिल्या भास्कराचार्याच्या (सातवे शतक) महाभास्करीय या ग्रंथात या रेषेवरील स्थळांची जी यादी आहे, तीत वात्स्यगुल्माचा समावेश होतो. आधुनिक मोजणीनुसार वाशिमचे रेखावृत्त उज्जैनच्या रेखावृत्तापेक्षा सु. सव्वा ते दीड अंश पूर्वेस येते. रेखांश अचूक मोजण्याची साधने त्या काळी नव्हती, हे लक्षात घेता ही तफावत समजण्यासारखी आहे. यादीतील या नामनिर्देशाचे महत्त्व निराळे आहे. वाकाटक सत्ता संपल्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी वत्सगुल्म हे भारतभरच्या विद्वानांना ठाऊक असलेले नगर होते, हे त्यावरून दिसते.

शहरानजीकचा एकबुर्जी जलाशय पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला असून हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्षी येतात. वाशिम तालुक्यातील अनसिंग हे गाव शृंगऋषींच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहे.

शिरपूर : मालेगाव–रिसोड रस्त्यावरील हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र म्हणून देशभरातील जैनांमध्ये प्रसिद्ध आहे. तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांची येथील कृष्णवर्णी मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा असून त्यावरूनच ‘अंतरिक्ष’ हे विशेषण रूढ झाले. एलिचपूरचा राजा श्रीपाल (ईल) याचा कुष्ठरोग एका जलाशयातील पाण्याने बरा झाला. त्याने तेथील मूर्ती बाहेर काढून गाडीतून नेण्यास आरंभ केला, तथापि मागे वळून न पाहण्याची अट त्याने मोडल्याने ती येथेच स्थिर झाली, अशी कथा आहे. जिनप्रभसूरी याच्या विविधतीर्थकल्प या चौदाव्या शतकातील ग्रंथात या तीर्थावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यामुळे क्षेत्राची प्राचीनता किमान तेवढी मागे जाते. गावाच्या पश्चिमेस असलेले जुने दगडी मंदिर ‘पवळी मंदिर’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या बांधणीत यादवकालीन मंदिरांची शैली दिसते.

या मूर्तीच्या पूजाविधीवरून व व्यवस्थापनावरून श्वेतांबर व दिगंबर पंथांत दीर्घकाळ वाद चालत आला आहे. श्वेतांबरांच्या पूजेत मूर्तीस चक्षू व अलंकार असतात, तर दिगंबर पंथ निराभरण मूर्तीचीच उपासना करतो. म्हणजे मूर्तीचे बाह्यरूप हाच मतभेदाचा विषय आहे. १९०५ मध्ये दोन्ही पक्षांनी पूजेच्या वेळा वाटून घेणारे वेळापत्रक मान्य केले. परंतु मूर्तीवरील लेपात कटिसूत्र इ. चिन्हे दाखविण्यावरून पुन्हा तंटा उद्‌भवला व १९१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने व्यवस्थापनाचा अधिकार श्वेतांबरांचा असल्याचे मान्य केले. दिगंबरांचा ठराविक वेळी पूजा करण्याचा हक्क कायम राहिला. स्वातंत्र्योत्तर काळातही वाद चालूच राहिला आणि १९८१ पासून मंदिर कुलूपबंद झाले. त्यानंतरच्या चार दशकांत भाविकांना झरोक्यातून दर्शन घ्यावे लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ मधील आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये मंदिर पुन्हा उघडण्यात आले. त्यानंतर लगेचच दोन्ही पंथांत संघर्षाचे प्रसंगही घडले. एका संपूर्ण पिढीने ज्या मूर्तीचे समोरून दर्शन घेतले नव्हते, ते दर्शन आता शक्य झाले आहे. तीर्थक्षेत्राच्या मालकीचा प्रश्न केवळ कागदपत्रांनी सुटत नाही, याचे शिरपूर हे बोलके उदाहरण मानता येईल. याच गावी जानगीर महाराज संस्थान असून हिंदू भाविकांची तेथे नित्य वर्दळ असते.

कारंजा (लाड) : जिल्ह्याच्या ईशान्य भागातील तालुक्याचे ठिकाण व जुनी व्यापारपेठ. करंज ऋषींच्या नावावरून गावास हे नाव मिळाले, अशी आख्यायिका असून त्यांच्याशी संबंधित मानला जाणारा ऋषी तलाव गावात आहे. गावास पूर्वी तट होता. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस व पोहा वेस या वेशींच्या नावांवरून येथून निघणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गांची दिशा कळते. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटले. एवढ्या दूरवर येऊन या पेठेची निवड व्हावी, यावरून तिची तत्कालीन समृद्धी लक्षात येते. विक्रीस आलेली सर्व कस्तुरी एका व्यापाऱ्याने विकत घेऊन आपल्या हवेलीच्या चुन्यात मिसळली, ही ‘कस्तुरीच्या हवेली’ची लोककथाही याच समृद्धीची स्मृती होय.

दत्तसंप्रदायात कारंज्यास विशेष स्थान आहे. श्रीनृसिंहसरस्वती (सु. १३७८–१४५८) यांचा जन्म येथे माधव व अंबा या दांपत्याच्या पोटी झाला, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. सरस्वती गंगाधर यांच्या गुरुचरित्रात त्यांचे चरित्र आले आहे. मुंजीपर्यंत हा बालक ओंकाराखेरीज काहीही बोलत नव्हता, मुंजीनंतर त्याने वेदोच्चार केला व थोड्याच काळात तो तीर्थाटनास निघाला. पुढे काशी येथे संन्यास घेतल्यावर ते एकदा जन्मगावी येऊन गेले. औदुंबर, नरसोबाची वाडी व गाणगापूर ही त्यांची नंतरची निवासस्थाने दीर्घकाळ यात्रास्थाने म्हणून नांदत असताना जन्मस्थान मात्र बराच काळ उपेक्षित होते. कारंजा येथील गुरुमंदिराची उभारणी व पादुकांची स्थापना विसाव्या शतकात झाली. तेव्हापासून महाराष्ट्र व कर्नाटकातून दत्तभक्तांचा ओघ येथे सतत चालू आहे. गुरुचरित्राची पारायणे व दत्तजयंती हे येथील मुख्य प्रसंग होत.

कारंजा हे दिगंबर जैनांच्या भट्टारकपीठांचेही मोठे केंद्र होते. बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे येथे आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडी कोरीवकाम प्रेक्षणीय आहे. तथापि येथील खरे वैभव हस्तलिखितांच्या भांडारांत आहे. रायबहादुर हिरालाल यांनी सिद्ध केलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडमधील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीमुळे (१९२६) या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. त्यानंतर कारंजा येथून पुष्पदंत कवीचे जसहरचरिउ (१९३१, संपा. प. ल. वैद्य) व णायकुमारचरिउ (१९३३, संपा. हीरालाल जैन), तसेच मुनी कनकामराचे करकंडचरिउ (१९३४, संपा. हीरालाल जैन) ही अपभ्रंश काव्ये प्रसिद्ध झाली. प्राकृत व आधुनिक भारतीय आर्यभाषा यांना जोडणारी अपभ्रंश ही अवस्था त्या वेळी अल्पशा छापील साहित्यावरूनच ज्ञात होती. मराठीच्या उगमाचा अभ्यास करणाऱ्यांस हे ग्रंथ अपरिहार्य ठरले. शतकानुशतके नकला करून पोथ्या जपणाऱ्या भट्टारकांचे व श्रावकांचे हे ऋण भाषाभ्यासकांनी वेळोवेळी मान्य केले आहे. १९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल स्थापन झाले. जैन गुरुकुलांच्या आधुनिक परंपरेत त्याचे स्थान अग्रेसर आहे.

आर्थिक इतिहासातही कारंज्याची नोंद घ्यावी लागते. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ मध्ये येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातील नियंत्रित कृषी बाजारांचा हा प्रारंभ मानला जातो. त्याच अनुभवाच्या आधारे १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारविषयक कायदा करण्यात आला. मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग कापसाच्या वाहतुकीसाठीच कारंजामार्गे बांधण्यात आला. १९१० मध्ये स्थापन झालेल्या एका खाजगी कंपनीच्या मालकीचा हा मार्ग ‘शकुंतला रेल्वे’ या लोकप्रिय नावाने ओळखला जाई. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे एंजिन चाले. ही सेवा आता बंद आहे. मार्गावरील जुन्या खुणा मात्र रेल्वेच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांना आकृष्ट करतात.

मंगरूळपीर : दादा हयात कलंदर या सूफी पिराच्या दर्ग्यावरून या गावाच्या नावास ‘पीर’ हे पद जोडले गेले. उरुसास मुसलमानांबरोबर हिंदू भाविकही येतात. गावातील बिरबलनाथ महाराजांचे मंदिर नाथपरंपरेशी निगडित असून त्यांची यात्राही मोठी भरते. नाथ व सूफी या दोन परंपरा एकाच गावी शेजारी नांदताना दिसणे हे वऱ्हाडच्या लोकधर्माचे वैशिष्ट्य आहे.

पोहरादेवी : मानोरा तालुक्यातील हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. येथे जगदंबा देवीचे मंदिर व संत सेवालाल महाराज यांची समाधी आहे. सेवालाल महाराजांचा जन्म परंपरेनुसार १५ फेब्रुवारी १७३९ रोजी सध्याच्या आंध्र प्रदेशातील गुत्तीच्या परिसरात झाला. लमाणांच्या तांड्यांमधून फिरत त्यांनी सदाचार, निर्व्यसनीपणा व प्राणिमात्रांविषयी दया यांची शिकवण दिली. जवळच्या उमरी येथेही बंजारा समाजाची श्रद्धास्थाने आहेत.

बंजारा समाजाचा जुना व्यवसाय बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरवर नेण्याचा होता. मध्ययुगीन सैन्यांच्या रसदेची भिस्त त्यांच्यावरच असे. पक्के रस्ते व लोहमार्ग झाल्यावर हा व्यापार संपुष्टात आला व अनेक तांडे वऱ्हाडच्या डोंगराळ भागात स्थायिक झाले. इंग्रजी अमलात या समाजाच्या काही गटांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचाही जाच झाला. महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश अशा अनेक राज्यांत विखुरलेल्या व निरनिराळ्या राज्यभाषांच्या प्रभावाखाली राहणाऱ्या या समाजास एकत्र आणणारे पोहरादेवीसारखे दुसरे स्थान नाही. रामनवमीच्या यात्रेस लाखो भाविक येतात. होमात तुपाचा व गोड पदार्थांचा ‘भोग’ देणे हा येथील प्रमुख विधी होय. यात्रेत गोरबोलीतील भजने नगाऱ्याच्या साथीवर म्हटली जातात. धर्मगुरू रामराव महाराज यांचे ३० ऑक्टोबर २०२० रोजी निधन झाले. त्यांची समाधीही येथेच आहे. समाजाचा इतिहास, वेशभूषा व जीवनपद्धती दाखविणारे, नगाऱ्याच्या आकाराचे ‘बंजारा विरासत’ वस्तुसंग्रहालय येथे उभारण्यात आले असून त्याचे उद्‌घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. ज्या समाजाची परंपरा प्रामुख्याने मौखिक राहिली, त्याच्या दृष्टीने अशा संग्रहालयाचे मोल मोठे आहे.

इतर यात्रास्थळे : रिसोड हे पश्चिमेकडील तालुक्याचे ठिकाण असून ‘ऋषिवट’ हे त्याचे प्राचीन नाव असल्याचे सांगितले जाते. तेथील पिंगळाक्षी देवीचे मंदिर प्रसिद्ध आहे. रिसोड तालुक्यातील लोणी येथे संत सखाराम महाराजांचे संस्थान असून तेथील यात्रेस पंचक्रोशीतून व मराठवाड्यातून लोक येतात. मालेगाव तालुक्यातील डव्हा येथे नाथनंगे महाराजांची यात्रा रथसप्तमीस भरते. हजारो लोकांना एकाच वेळी दिला जाणारा महाप्रसाद हे तिचे वैशिष्ट्य होय.

वन्य जीवन : कारंजा तालुक्यातील कारंजा–सोहोळ काळवीट अभयारण्य (१८.३२ चौ. किमी.) २००० मध्ये घोषित झाले. गवताळ माळ व विरळ झुडपे हे काळविटाचे नैसर्गिक वसतिस्थान येथे राखलेले आहे. भारतात गवताळ माळांस पडीक जमीन समजून त्यांवर लागवड किंवा वृक्षारोपण करण्याची प्रवृत्ती दिसते. त्यामुळे काळवीट, लांडगा, माळढोक यांसारख्या माळावरील प्राण्यांचे क्षेत्र संकोचत गेले. या पार्श्वभूमीवर हे लहानसे अभयारण्य महत्त्वाचे ठरते. अभयारण्य शेतांनी वेढलेले असल्याने काळवीट व नीलगाय पिकांत शिरतात. त्यामुळे शेतकऱ्यांचे होणारे नुकसान हा येथील नित्याचा प्रश्न आहे. काटेपूर्णा अभयारण्य (७३.६९ चौ. किमी.) अकोला व वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले असून ते १९८८ मध्ये घोषित झाले. शुष्क पानझडी प्रकारच्या या वनात साग, धावडा, सालई, पळस इ. वृक्ष असून त्यातील जलाशयामुळे पक्ष्यांचीही विविधता आढळते.

जिल्ह्याबाहेरील, पण सहज जोडून पाहता येण्याजोग्या स्थळांत बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील उल्कापातजन्य सरोवर (२०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट), तसेच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ व नरसी नामदेव ही प्रमुख होत.

पर्यटनविषयक स्थिती : केंद्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत वाशिम हा एक आहे. मोठे उद्योग नसलेल्या व पावसावर अवलंबून असलेल्या या जिल्ह्यात यात्रेकरूंचे येणे हे उत्पन्नाचे एक पूरक साधन ठरू शकते. तथापि येथील गर्दी वर्षातील थोड्या दिवसांत एकवटते. पोहरादेवीसारख्या लहान गावास यात्रेच्या दिवसांत मोठ्या शहराएवढे पाणी, निवारा व स्वच्छतेची व्यवस्था लागते आणि यात्रा संपताच ती अनावश्यक होते. बहुसंख्य भाविक एकाच स्थानाचे दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात. शिरपूरचा जैन यात्रेकरू, कारंज्याचा दत्तभक्त व पोहरादेवीचा बंजारा भाविक यांना परस्परांची स्थाने बहुधा अपरिचित असतात. समृद्धी महामार्गाने जिल्हा जवळ आला, पण त्याच मार्गाने तो न थांबता ओलांडणेही सोपे झाले आहे.

वारशाच्या जतनाचा प्रश्न यापेक्षा महत्त्वाचा आहे. चालू पूजेतील मंदिरे, समाधिस्थाने व दर्गे यांना भक्तांचा आधार असतो. त्यांचा जीर्णोद्धार होत राहतो, किंबहुना अनेकदा जुनी बांधणी झाकली जाईल इतक्या उत्साहाने होतो. याउलट वाकाटकांच्या राजधानीचे अवशेष, जुने तलाव, वेशी, हवेल्या व पोथ्या यांच्यामागे असा कोणताही उपासकवर्ग नाही. हिस्से बोराळ्याच्या लेखातील तलाव किंवा कारंज्याच्या भांडारातील पोथ्या पाहण्यासाठी यात्रा भरत नाही. वाशिमचे प्राचीन महत्त्व मात्र मुख्यतः याच साधनांवरून सिद्ध झाले आहे. वर वस्ती असल्याने वत्सगुल्माच्या भूमीत विस्तृत उत्खनन करणे अवघड आहे. त्यामुळे शहरात नवीन बांधकामांसाठी खोदाई होताना सापडणाऱ्या वस्तूंची नोंद ठेवणे, शिलालेखांचे ठसे व पोथ्यांच्या छायाप्रती सुरक्षित करणे आणि वाशिम येथे त्यांचे एकत्र दर्शन घडेल अशी सोय करणे, हे मार्ग अधिक व्यवहार्य ठरतात. भक्तांनी जिवंत ठेवलेल्या स्थानांइतकीच या मूक साधनांची जोपासना झाली, तर या जिल्ह्याचा प्रवास हा श्रद्धेबरोबर इतिहासाचाही प्रवास होऊ शकेल.